बर्फावरची शेकोटी आणि तिचे कायदे

गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरणाऱ्या माणसाने तिथेच शेकोटी पेटवावी की नाही, आणि पेटवली तर कोणत्या अटींवर, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पंख्याखाली घाम पुसत बसलेल्या श्रोत्यांना तो ऐकून थोडे हसू येईल, आणि ते साहजिकही आहे. परंतु आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे. कारखान्याच्या फाटकावर डकवलेले स्थायी आदेश वाचता वाचता आमचे डोळे अधू झाले. ह्या वाचनातून आम्हांला एकच विद्या प्राप्त झाली. कोणताही नियम दिसला की तो कोणत्या भांडणातून किंवा कोणत्या अपघातातून निघाला, हे शोधायचे. बर्फावरच्या विस्तवाचे नियम ह्याच रीतीने वाचले, तर त्यांतून तीनचारशे वर्षांचा इतिहास बाहेर येतो. त्याचा एक धागा तर थेट मुंबई बंदरापर्यंत पोचतो.

प्रथम निसर्गाची बाजू पाहू. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की ते हलके होऊ लागते, आणि बर्फ तर पाण्याहून सुमारे आठ टक्के हलका. म्हणून तळे वरून गोठते. वर दीड हात जाडीचा बर्फ आणि खाली जिवंत पाण्यात फिरणारे मासे, असा हा दुमजली प्रकार असतो. उत्तरेकडचा माणूस पहारीने किंवा मोठ्या गिरमिटाने त्या बर्फाला भोक पाडतो, गळ सोडतो आणि तासन् तास निश्चल बसून राहतो. शून्याखाली वीस अंशांच्या थंडीत न हलता बसणे म्हणजे काय, हे सांगायला नको. त्याला विस्तव हवाच.

पण विस्तवाने बर्फ वितळून माणूस खाली जाणार नाही काय? ह्याचे उत्तर ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक ह्या शास्त्रज्ञाने १७६० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत आहे. बर्फ वितळताना पुष्कळ उष्णता गिळतो आणि तरीही त्याचे तापमान वाढत नाही, हे त्याने दाखवले. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकीच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते. शिवाय विस्तवाची बहुतेक उष्णता वर जाते. म्हणून जाड बर्फावरची शेकोटी खाली विहीर खणत नाही. ती आपल्याभोवती डबके करते आणि त्या डबक्यात स्वतःच विझते. जाणती माणसे ओल्या ओंडक्यांची बैठक करून किंवा लोखंडी पत्रा घालून त्यावर विस्तव करतात, ते विस्तव टिकावा म्हणून. खरा धोका निराळाच असतो. शेकोटी पेटली की चार दिशांची माणसे तिच्याभोवती गोळा होतात आणि पसरलेले ओझे एका जागी येते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे निसर्गसंपदा खाते सांगते की, चालत्या माणसाला निदान ४ इंच स्वच्छ, नवा बर्फ हवा. बर्फ पांढरा, भुसभुशीत असेल तर त्याची ताकद निम्मी धरून जाडी दुप्पट पाहावी. आणि लगेच पुढे सांगते की, कोणताही बर्फ शंभर टक्के भरवशाचा नसतो. सरकारी कागदावर इतके प्रामाणिक वाक्य आमच्या वाचनात क्वचितच आले असेल.

आता लंडनला जाऊ. जुन्या लंडन पुलाच्या कमानी अरुंद होत्या. त्यांत टेम्स नदीचा प्रवाह तुंबे, आणि कडक हिवाळ्यात नदी गोठे. १६८३-८४ च्या हिवाळ्यात ती सुमारे दोन महिने गोठलेली राहिली. बर्फावर दुकानांच्या रांगा लागल्या, अख्खा बैल भाजला गेला, आणि एका मुद्रकाने छापखानाच थाटला. दुसऱ्या चार्ल्स राजानेही आपल्या परिवाराची नावे तिथे छापून घेतली. इतिहासाच्या पुस्तकांत ही सारी मौज रंगवून सांगितलेली असते. नावाड्यांचे काय झाले, हे मात्र ओझरते येते. नदी गोठली म्हणजे हजारो नावाड्यांची रोजी बंद. ज्या पाण्यावर त्यांचे पोट, ते पाणीच दगड झाले. मग त्यांनी शिडे आणि वल्ही उभी करून त्यांचे तंबू केले आणि ते दुकानांना दिले. १८१४ च्या फेब्रुवारीत टेम्सवरची शेवटची जत्रा भरली, तेव्हा नावाडी काठावर उभे राहून बर्फावर उतरणाऱ्यांकडून दोनतीन पेन्स घेत होते. त्या जत्रेत कोळशाच्या विस्तवावर मेंढी भाजली गेली. नुसती पाहायला सहा पेन्स आणि एका तुकड्याला एक शिलिंग पडे. तो विस्तव मोठ्या लोखंडी परातीत केला होता, ही बारीकशी नोंद आम्हांला मोलाची वाटते. बर्फावर आग करायची तर मध्ये लोखंड हवे, हा नियम कोणत्याही कायद्यात नसताना काम करणाऱ्या हातांना ठाऊक होता. जत्रा चारपाच दिवस टिकली. मग बर्फ फुटला आणि काही माणसे बुडाली. पुढे १८३१ साली नवा पूल झाला, जुना पाडला गेला, प्रवाह मोकळा झाला, आणि लंडन शहरात नदीवर शेकोटी पेटण्याचे दिवस संपले.

नावाड्यांच्या वसुलीला लूट म्हणणारे तेव्हाही होते. आम्ही तिला बेकारी भत्ता म्हणू. मात्र तो देणारा मालक नव्हता, आपल्यासारखीच जत्रेला आलेली माणसे होती. म्हणून ह्या गोष्टीत न्याय पुरता सापडत नाही. बर्फ कोणाचा, हा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न अटलांटिकच्या पलीकडे झाला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४१ साली केलेल्या आणि १६४७ साली वाढवलेल्या कायद्यात म्हटले होते की, मोठ्या तळ्यांत मासे धरण्याचा व पाखरे मारण्याचा हक्क सर्वांना मोकळा राहील. दहा एकरांहून मोठे ते मोठे तळे. शिवाय तिथे पोचण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पायी जाण्याची मुभाही दिली होती. अट एवढीच की, कोणाचे पीक किंवा गवताचे कुरण तुडवता कामा नये. हक्क दिला आणि त्या हक्कापर्यंत पोचण्याची वाटही दिली. आमच्या अनुभवात निम्मे कायदे ह्या दुसऱ्या गोष्टीपाशी लंगडे पडतात.

पण ‘सर्वांना’ ह्या शब्दात कोण येत होते, हेही पाहिले पाहिजे. ह्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधीपासून त्या खंडात मूळ लोक बर्फातून मासे धरत होते. मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातील ओजिब्वे लोक भोकावर अंधारे पांघरूण घेऊन ओणवे होत, लाकडी मासा आमिष म्हणून पाण्यात नाचवत आणि जवळ आलेला खरा मासा भाल्याने टिपत. १८३७ च्या तहात त्यांनी जमीन सोडली, परंतु शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे मिनेसोटा राज्य म्हणू लागले की तो हक्क संपला. मिल लॅक्स सरोवराकाठच्या ओजिब्वे लोकांचा हा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९९ साली पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा हक्क शाबूत ठरला. १६२ वर्षांपूर्वीचा करारनामा जपून ठेवणारी ही माणसे पाहिली की, करारावर सही करून कागद हरवणाऱ्या आपल्याकडील मंडळींना आम्ही काय सांगत असतो, ते पटेल.

मुंबईचा धागा येथेच जोडला जातो. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्याने १८०६ साली तळ्यांतला बर्फ जहाजाने मार्टिनिक बेटावर पाठवला. लोक त्याला हसले. १८३३ साली त्याच्या जहाजाने कलकत्त्याकडे १८० टन बर्फ नेला, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. त्यापाठोपाठ तो मुंबईतही येऊ लागला. गोदीजवळ बर्फघर उभे राहिले, आणि साहेबांच्या व शेटजींच्या मेजवान्यांत अमेरिकेचे तळे पेल्यात खुळखुळू लागले. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथेच उतरले होते.

ज्या बर्फावर कोणी मासे धरी आणि शेकोटी पेटवी, तो एकाएकी विकाऊ माल झाला. केंब्रिजजवळच्या फ्रेश पाँडवर बर्फ कापणाऱ्या मालकांत तंटे झाले. १८४१ साली, ज्याचा जितका काठ त्याचा तितका बर्फ, अशी पाण्याची रेघ मारून वाटणी करण्यात आली. थोरोच्या ‘वॉल्डन’ ह्या १८५४ च्या पुस्तकात १८४६-४७ च्या हिवाळ्यातले दृश्य आहे. वॉल्डन तळ्यावर आयरिश मजुरांची टोळी येते, मुकादमाच्या देखरेखीखाली करवतीने लाद्या कापते, आणि आपल्या तळ्याचे पाणी मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे लोक पितील, असे लेखकाच्या मनात येते. त्याच प्रकरणात बर्फातून गळ टाकणारे कोळीही आहेत. एकाच बर्फावर दोन दावे झाले, मासे धरणाऱ्याचा आणि माल नेणाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, मोठी तळी सार्वजनिक आहेत. मासे धरणे, नाव हाकणे, घसरत खेळणे आणि बर्फ कापून नेणे हे सारे वाजवी रीतीने करण्याचा हक्क जनतेचा आहे. ‘वाजवी रीतीने’ ह्या दोन शब्दांतूनच पुढचे सगळे नियम जन्मले.

आजचे नियम पाहा. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वणव्याचा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर असा कायद्याने ठरलेला आहे, आणि उघड्या विस्तवावरची कडक बंधने त्या काळासाठी आहेत. भर हिवाळ्यातील बर्फ त्यांबाहेर पडतो. तिथे कायद्याचे लक्ष बर्फावरच्या खोपटांवर आहे. खोपटाला नोंदणीचा क्रमांक हवा, त्याची अक्षरे निदान ६.३ सेंटिमीटर उंच हवीत, आणि ठरल्या तारखेआधी खोपटे काढले पाहिजे. फिनलंडमध्ये बर्फातून साधा गळ टाकण्याचा हक्क विनाशुल्क सर्वांना आहे. परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर उघडा विस्तव करायला मालकाची संमती लागते, आणि त्याचे झाड तोडताही येत नाही. थोडक्यात, मासा सर्वांचा, पण काठावरचे लाकूड ज्याचे त्याचे.

खोपट्यात शेगडी पेटवणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे, आणि तो कायद्याहून कडक आहे. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. हवेला वाट ठेवली पाहिजे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांच्या बातम्या आपल्याकडेही येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बर्फावरच्या विस्तवाविषयीचा सर्वांत मोठा नियम मात्र राखेचा आहे. जमिनीवरची राख जमिनीत मुरते. बर्फावर टाकलेले मात्र सारे वसंतात तळ्याच्या पोटात जाते. अर्धवट जळलेले ओंडके, खिळे, बाटल्या, सगळे काही. शिवाय काळी राख ऊन शोषते आणि आपल्याखालचा बर्फ लवकर कच्चा करते. मग मागून येणाऱ्याचा पाय तिथे पडतो. मिनेसोटाने २०२३ साली कायदा करून बर्फावर कचरा टाकण्यास वा सोडून जाण्यास मनाई केली आणि १०० डॉलर दंड ठेवला. ह्या कायद्याची मागणी सरोवराकाठच्या लोकांतूनच वर आली होती, हे ध्यानात घ्यावे. शेकोटी पेटवण्याचा हक्क त्यांनी कोणाकडून काढून घेतला नाही. विझल्यावर ती उचलून नेण्याचे कर्तव्य मात्र त्याला जोडले.

असे नियम दोन रीतींनी होतात. काठाचे मालक एकत्र येऊन पाटी लावतात आणि गरीब माणूस बर्फावरून हद्दपार होतो. किंवा बर्फ वापरणारेच एकत्र बसतात आणि आपल्यावर आपण बंधन घालतात. पहिल्या रीतीत तळे वाचते आणि माणसे जातात. कोणताच नियम नसला तर माणसे राहतात, पण तळे मरते. दुसरी रीत कष्टाची आहे. तिला सभा लागतात, भांडणे लागतात, रात्री जागाव्या लागतात. तीत मात्र दोन्ही वाचतात, म्हणून आम्ही तिच्या बाजूचे आहोत.

आता ह्या सर्व नियमांच्या मुळावर नवीच गोष्ट आली आहे. हिवाळेच उबदार होत चालले आहेत. बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. २००९ च्या फेब्रुवारीत ईरी सरोवरावर बर्फाचा भलामोठा तुकडा वाऱ्याने काठापासून सुटला. शंभराहून अधिक मासे धरणारे त्यावर अडकले आणि एकजण प्राणास मुकला. २०२३ च्या डिसेंबरअखेर मिनेसोटातील अपर रेड सरोवरावर पुन्हा शंभराहून अधिक माणसांना तसेच सोडवावे लागले. खोपटी काढण्याच्या तारखा कायद्यात छापलेल्या आहेत, पण बर्फ त्या वाचत नाही. म्हणून तिथले जुने लोक नव्यांना सांगतात ते असे: तारीख पाहू नका, पहार घ्या, पुढे ठोकून पाहा, जाडी मोजा, मग पाऊल टाका. आणि परतताना राखेची परात बरोबर घ्या.