संगणकाच्या जोडण्या

दोन यंत्रांना परस्परांशीं बोलावयाचें तर सामाईक भाषा हवी, आणि एकमेकांत बसणारीं तोंडेंहि हवींत. १९६० सालीं अमेरिकेंत 'आरएस-२३२' हें प्रमाण निघालें. त्यांत एका दिशेचे सारे बिट एकाच तारेवरून मुंग्यांच्या रांगेसारखे जात. १९७० सालच्या सेंट्रॉनिक्स पद्धतींत मात्र आठ बिट आठ तारांवरून एकदम निघत; म्हणून छपाईयंत्रांना ती मानवली. १९८१ च्या आयबीएम संगणकाला दोन्ही जोडण्या मिळाल्या, पण दोहोंचा आकार २५ पिनांचाच! संगणकाच्या पाठीवर एकीला पिना, दुसरीला छिद्रें, एवढाच काय तो भेद.

हा घोटाळा १९९६ सालीं निघालेल्या 'यूएसबी'नें हळूहळू मिटविला. सात कंपन्यांच्या या कार्यांत इंटेलमधील अजय भट्ट हे बडोद्यास शिकलेले अभियंते अग्रभागीं होते. १९९८ सालीं अ‍ॅपलच्या आयमॅकनें जुन्या जोडण्यांना रजाच दिली.

सोय झाली खरी. परंतु जुन्या यंत्रांतील हिशेब नि पत्रें जोडणीवांचून मुकीं होतात. मोडी वाचणारा नसला म्हणजे दप्तराची जी गति, तीच येथें. तेव्हां जुनें यंत्र जपणाऱ्यानें त्याची तारहि जपावी, आणि आंतील मजकूर वेळींच नव्या ठिकाणीं उतरवून घ्यावा.