बंदुकीच्या दस्त्यावरील पोचे



बंदुकीचा इतिहास म्हटला म्हणजे आपण बहुधा नळीचा आणि दारूचा इतिहास सांगतों. ती नळी मनुष्याच्या खांद्याशीं जोडणारा जो लांकडी दस्ता, त्याची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. वास्तविक बंदूक कोणाच्या हातीं राहिली, कोणी तिला जपलें आणि कोठें तिची आबाळ झाली, हें लोखंडापेक्षां लांकूडच अधिक स्पष्टपणें सांगतें. दस्त्यावरचा पोचा घरच्या घरीं कसा उचलावा, हा विषय दिसण्यांत क्षुल्लक आहे; परंतु रत्नागिरी जिल्ह्यांत त्याच्यामागें मोठा इतिहास उभा आहे.

कोंकणच्या बंदरांतून जशी मिरी आणि कापड गेलें, तशी युद्धसामग्रीही आली. 1660 मध्यें सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास वेढा पडला असतां राजापूरच्या वखारीचे इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या साह्यास गेले. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन त्यांत होता. पुढच्याच वर्षीं शिवाजीमहाराजांनीं ती वखार लुटली आणि तेथील इंग्रजांस कैदेंत टाकलें. शस्त्र कोणी कोणास द्यावें, हा प्रश्न निव्वळ व्यापाराचा नसून राज्याचा आहे, हें त्या प्रसंगानें सर्वांस दाखवून दिलें.

तोच प्रश्न दोन शतकांनंतर उलट्या बाजूनें पुढें आला. 1857 च्या उठावानंतर सरकारनें प्रजेस निःशस्त्र करण्याचें धोरण धरलें आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, 1878 मध्यें, शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसास बंदूक बाळगावयाची तर परवाना हवा; युरोपियनांस मात्र त्यांतून सूट! या भेदाचें शल्य इतकें खोल होतें, कीं 1887 च्या मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें त्यासंबंधीं ठराव केला.

दापोलीची हकीकत याहून करुण आहे. तेथील छावणींत पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती आणि त्यांत महार पलटणींचे लोक पुष्कळ होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं सरकारची बंदूक वाहिली, त्यांचीच भरती 1890 च्या दशकांत बंद झाली. स्वतः निवृत्त शिपाई असलेले गोपाळबुवा वलंगकर यांनीं दापोलीहून याविरुद्ध अर्ज तयार केला. त्या अर्जांत मागणी नोकरीची होती, तशीच मानाचीही होती. शिपायाच्या खांद्यावरचा दस्ता म्हणजे त्याची प्रतिष्ठाच होती.

शेतकऱ्याकडे जी बंदूक उरली, ती बहुधा पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, ठासणीची. रानडुक्कर आणि वानर यांपासून भात, नारळ वांचविण्यासाठीं ती घरांत राहिली. परवाना त्या एका बंदुकीशीं जखडलेला; ती मोडली म्हणून बाजारांतून दुसरी आणणें सोपें नव्हतें. म्हणून तिला जपणें भाग पडलें. तरीही जांभ्याच्या गडग्याला टेकविलेली बंदूक घसरते, अंधाऱ्या माजघरांत चौकटीस आपटते. आणि निवडणुकीच्या काळांत ती पोलीस ठाण्यांत जमा करावी लागली, तर दहा बंदुकांच्या दाटींत आणखी एक पोचा घेऊन परत येते.

आतां पोचा म्हणजे काय, तें पाहूं. लांकूड हें असंख्य सूक्ष्म पोकळ नळ्यांचें बनलेलें असतें. आघात झाला म्हणजे त्या नळ्या दबतात, पण बहुधा तुटत नाहींत. ओल आणि उष्णता एकत्र मिळाल्या, कीं त्यांच्या भिंती मऊ होऊन फुगतात आणि पुष्कळशा आपल्या जागीं परत येतात. यांत लांकूड नवें घालावें लागत नाहीं. दबलेलेंच वर येतें.

कृति सोपी, पण धीराची आहे. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. नळीला आणि चापाला वाफ लागूं नये म्हणून दस्ता वेगळा करावा. तो निघत नसेल तर काम कारागिरावर सोंपवावें. पोच्यावरचें जुनें पॉलिश आणि मेण पुसून काढावें, नाहींतर पाणी आंत शिरत नाहीं. मग ओल्या सुती फडक्याची घडी ठेवून तीवर तापलेल्या इस्त्रीचें टोंक क्षणभर टेकवावें. फडकें सुकूं देऊं नये. सुकलें तर लांकूड करपतें. असें अनेकदां केल्यावर पोचा हळूहळू वर येतो. अक्रोडाच्या दस्त्यास हा उपाय चांगला लागू पडतो. शिसवीसारखें घट्ट लांकूड मात्र हट्टी असतें.

येथेंच बहुतेकांची घाई नडते. फुगलेलें लांकूड लगेच घासून सपाट केलें, तर सुकल्यावर तेथें पुन्हां खळगा पडतो. म्हणून तें पुरतें सुकूं द्यावें. कोंकणच्या पावसाळ्यांत तर अनेक दिवस थांबावें. नंतर बारीक काचकागद रेषांच्या दिशेनें हलक्या हातानें फिरवावा आणि जवसाचें तेल अगदीं पातळ चोळावें. ब्रिटिश फौजेंतही दस्त्यांना हेंच तेल लावीत. तेलाचे बोळे मात्र ढीग करून ठेवूं नयेत. ते आपोआप पेट घेतात.

तथापि वाफेचीही मर्यादा आहे. जेथें तंतू तुटले, टवका उडाला, तेथें ती कांहीं करूं शकत नाहीं. दस्त्याला चीर गेली असेल किंवा बिघाड लोखंडाचा असेल, तर परवानाधारक कारागिराकडेच जावें. 1962 पासून अंमलांत असलेल्या शस्त्रकायद्यानें शस्त्रदुरुस्तीचा धंदाही परवान्याखालीं ठेवला आहे.

आणि एक प्रश्न हाताच्या कौशल्याचा नसून विवेकाचा आहे. बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल, तर तिच्यावरचा प्रत्येक पोचा पुसावा काय? कोरलेला क्रमांक, पलटणीची खूण, गालाच्या घर्षणानें झिजलेली कड, हे दोष नव्हेत. ते दस्तऐवज आहेत. काचकागदाच्या चार फेऱ्यांत ते कायमचे नाहींसे होतात आणि कोणत्याही वाफेनें परत येत नाहींत. कालच्या निष्काळजीपणाचा पोचा खुशाल उचलावा. परंतु ज्या खुणेमागें एखाद्या शिपायाचें किंवा शेतकऱ्याचें आयुष्य आहे, तिला तेलाचा हात लावून तशीच राहूं द्यावी. आपल्याकडे या लोकांचे कागद फारसे उरलेले नाहींत. कित्येक घरीं हें लांकूडच तेवढें उरलें आहे.