मत माझे, गळा त्यांचा

मला गाण्यातले काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला कारकून. सात सुरांपेक्षा सात टक्के व्याज मला लवकर समजते. तरीही 2009 सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मी इतका जाणकार झालो होतो, की पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसालाही मुरक्यांवर दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नसे. तोही घाईत नसे. त्यालाही दोन शब्द ऐकवायचे असत!

कारण झी मराठीवर 'सारेगमप'चे लिटल चॅम्प्स चालू होते. शेवटी पाच मुले उरली होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि (इथे कॉलर ताठ करावी) आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे. तोवर आरवली म्हणजे गरम पाण्याची कुंडे एवढेच आम्ही पाहुण्यांना सांगत असू.

गाण्याची चढाओढ कोकणाला नवी नव्हे. आमच्याकडे जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना गाण्यातून सवाल घालतात. निकाल बहुधा उजाडल्यावर लागतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपणच जिंकलो असे समजून घरी जातात. इतकी सोयीची पद्धत पुढे कुणी का उचलली नाही, कोण जाणे.

पुढच्यांनी परीक्षक नेमले. 1957 साली मेट्रो-मर्फी स्पर्धा झाली, सबंध देशातल्या गायकांसाठी. ज्यांचा रेडिओ विकत घ्यायला आपल्या वाडवडिलांनी हप्ते भरले, तेच हे मर्फी. परीक्षक कोण? नौशाद, अनिल विश्वास, मदनमोहन, सी. रामचंद्र आणि वसंत देसाई. यातले देसाई कुडाळकडचे, म्हणजे 1981 साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंतच्या हिशेबाने रत्नागिरी जिल्ह्याचेच. हा हिशेब मी आवर्जून ठेवला आहे. पहिला आला महेंद्र कपूर. पुढे नौशादांनी त्याला 'सोहनी महिवाल'मध्ये गायला घेतले, सी. रामचंद्रांनी 'नवरंग'मध्ये. पाच कान बसले, पाच डोकी हलली, निकाल लागला. पोस्टकार्ड टाकून कुणी कुणाला वाचवले नाही.

1995 साली झी टीव्हीवर सोनू निगमचे 'सा रे ग म' सुरू झाले, तिथेही मोठमोठे गवई परीक्षक म्हणून बसत, आणि आपण घरात बसून 'वा' म्हणण्यापलीकडे आपल्याला काम नव्हते. ते काम मोबाइलने दिले. 2005 साली मुंबईचा अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला तो लोकांच्या एसएमएसवर. तेव्हापासून कान नसला तरी चालू लागले, अंगठा हवा.

ही मतांची भानगड आपणच काढली असे मला वाटे. पण युरोपात ती फार जुनी. तिथे 1956 पासून युरोव्हिजन नावाची स्पर्धा भरते. बहुतेक देश आधी घरच्या घरी गायकांची आणि बँडवाल्यांची निवडफेरी घेतात आणि जिंकेल त्याला पुढे पाठवतात. 'अबा' ही जगप्रसिद्ध मंडळी 1973 साली स्वीडनच्या घरच्या फेरीतच तिसरी आली होती! पुढल्या वर्षी ती घरीही जिंकली आणि इंग्लंडात ब्रायटनला जाऊन स्पर्धाही जिंकली. 1969 साली तर माद्रिदला चार देशांना 18-18 मते पडली. बरोबरी झाली तर काय करायचे, याचा नियमच नव्हता, म्हणून चौघेही पहिले. आमच्या हेड ऑफिसला असा ताळेबंद पाठवला असता तर मेमो आला असता.

पण त्यांचा एक नियम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आपल्या देशाला मत द्यायचे नाही! म्हणजे गाणे ऐकायचे, आणि दुसऱ्याचे आवडले तर तसे सांगायचे. हा नियम 2009 साली कुणी रत्नागिरीत सांगितला असता तर त्याला मांडवी बंदरात बुडवला असता. गाणे ऐकण्याआधीच आमची मते ठरलेली. मी एकट्याने वीस एसएमएस पाठवले, तेही जादा दराने. शेजारचे अण्णा दर एसएमएसनंतर कुंपणावरून ओरडत, "गेला काय रे मेल्या?" मी "गेला!" म्हणायचो. तो पोरगा टीव्हीवर नाट्यपद काय गायला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी खाली मान घालून बटणे दाबत होतो.

महाअंतिम फेरी झाली, कार्तिकी जिंकली. घरात सुतक. दुसऱ्या दिवशी आईच्या मोबाइलमध्ये बॅलन्स नाही म्हणून मी तो हातात घेतला, तर पाठवलेल्या निरोपांत एकच एसएमएस. कार्तिकीला!

"आई, अगं आपला आरवलीचा पोरगा!"

"मग? चांगलाच गातो तो. पण काल ती मला जास्त आवडली."

"पण आपण इथले..."

"तू गाणं ऐकलंस का?" आई म्हणाली, आणि भाजी निवडू लागली. आई लहानपणी गाणे शिकत होती. लग्नानंतर पेटी माळ्यावर गेली. हे मला माहीत होते, पण त्या दिवसापर्यंत ती पेटी खाली काढून पुसावी असे मला सुचले नव्हते. काढली. भात्याला उंदरांनी भोके पाडली होती.

2021 साली नवे लिटल चॅम्प्स आले तेव्हा तीच पाच मुले ज्युरी होऊन बसली. आता ती इतरांना जोखत होती. आणि 2023 साली चिपळूणला प्रथमेशचे लग्न झाले. मुलगी अलिबागची, मुग्धा वैशंपायन.

मी बातमी वाचून दाखवली. आईने चष्मा काढला.

"बघ," ती म्हणाली, "तिनेसुद्धा गावाबाहेरच मत दिलं ना?"