क्रॉस जोडण्याच्या नियमाची कुळकथा

जळकोट तालुक्यात पेरणीआधी रान तयार करताना ट्रॅक्टरच्या पीटीओपासून, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या फिरत्या दांड्यापासून, रोटाव्हेटरपर्यंत ताकद नेतो तो दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असलेला शाफ्ट. त्यातल्या चार पायांच्या तुकड्याला मिस्त्री नुसता ‘क्रॉस’ म्हणतात. या जॉइंटचा जनक म्हणून इटलीच्या कार्दानोचे (१५०१–१५७६) नाव घेतले जाते, पण त्याच्या नावावर असलेली कड्यांची रचना वस्तू समतोल टांगण्यासाठी होती आणि ती त्याच्याही फार आधीपासून माहीत होती. फिरती गती तिरक्या दिशेने नेणाऱ्या जॉइंटचे वर्णन इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये केले. एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूला ती कमीजास्त होते, हे त्याने ओळखले. १६८३ मध्ये त्यानेच उपाय सुचवला: एकाऐवजी दोन जॉइंट, विशिष्ट मांडणीत. माझ्या मते या वस्तूचा खरा जन्म त्या नियमात आहे.

हिशेब पाहा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेत असेल आणि जॉइंट ३० अंशांत वाकला असेल, तर पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा साधारण ४६८ पर्यंत उतरतो आणि ६२४ पर्यंत चढतो. मधल्या शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके तुकडे, एका पातळीत असतील आणि दोन्ही टोकांचे कोन समान असतील, तर दुसरा जॉइंट ही चढउतार पुसून टाकतो. योक ९० अंशांनी चुकले, तर ती मिटण्याऐवजी वाढते.

यावर कोणी म्हणेल, की मोटारीत हा जॉइंट रुजवला तो अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरने. १९०३ चे पेटंट त्याचेच. त्याचे श्रेय मोठे आहे, साखळीच्या जागी शाफ्ट टिकाऊ ठरला तो त्याच्यामुळे. पण योक चुकवून बसवला, तर उत्तम पोलादाचा क्रॉसही हादऱ्यांनी लवकर झिजतो. दुसरा आक्षेप असा, की चुकीचा शाफ्टही चालतोच. कोन लहान असेल तर चालतो खरा, पण त्याची किंमत बेअरिंग मोजतात. तिसरा आक्षेप, मिस्त्रीला त्रिकोणमिती कुठे येते? शाफ्ट खोलण्याआधी तो दोन्ही भागांवर पंचने खूण करतो आणि जोडताना खुणेला खूण मिळवतो, तेव्हा हूकचाच नियम पाळतो. म्हणून या कुळात शोधकांच्या शेजारी जोडाऱ्यांचीही नोंद हवी, आणि शिकाऊ पोराला खुणेबरोबर तिचे कारणही सांगायला हवे. कारण कळले, तर पुसलेल्या खुणेचा शाफ्टही त्याला बरोबर जोडता येईल.