पाखरू, पाकोळी आणि वटवाघूळ

बायबलच्या 50व्या स्तोत्रात देव सांगतो, की डोंगरातलं एकूण एक पाखरू मला ठाऊक आहे. त्याच बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात, खाऊ नयेत अशा पाखरांच्या यादीत, करकोचा, बगळा, हुदहुद यांच्या मागोमाग वटवाघूळ येतं. सगळी पाखरं ओळखणाऱ्याला वटवाघूळ पाखरू नाही एवढं कळू नये? आक्षेप जुना आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. पण आधी शब्द पाहू.

दोन्हीकडे हिब्रू शब्द एकच आहे, ‘ओफ’. ‘उडणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला. लेवीयच्या यादीनंतर लगेच, 20व्या वचनात, पंखवाल्या किड्यांसाठीही तोच वापरलाय. म्हणजे ‘ओफ’ची हद्द पिसांपाशी संपत नाही. जे उडतं ते ओफ.

मराठीने तरी वेगळं काय केलं? ‘पाखरू’ आलं ‘पक्षरूप’वरून, आणि ‘पक्ष’ म्हणजे पंख. पावसाळ्यात दिव्यावर झेपावणारा किडाही आपल्याकडे पाखरूच. ‘पाकोळी’ तर याहून बोलकी. छपराखाली घरटं करणारा चिमुकला पक्षीही पाकोळी आणि कोकणातल्या जुन्या घराच्या आढ्याला लटकणारं लहान वटवाघूळही पाकोळीच. ‘वाघूळ’मध्ये वाघ दिसतो खरा, पण त्याचं नातं संस्कृत ‘वल्गुली’शी आहे. वटवाघळाला पक्ष्यांतून वेगळं काढणारा ‘सस्तन’ हा शाळेच्या पुस्तकाने दिलेला शब्द. तो ज्याचा प्रतिशब्द, ते ‘मॅमेलिया’ हे नाव शास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली रूढ केलं.

ठाण्याला या चर्चेत हक्काची जागा आहे. 1321 साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरणारा त्यांचा सोबती जॉर्डनस याने पुढे हिंदुस्थानातल्या नवलांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्यात घारीएवढी वटवाघळं आहेत: दिवसा झाडाला उलटी टांगलेली, लांबून फळांसारखी दिसणारी. निरीक्षण इतकं नेमकं, तरी तिथेच तो त्यांना पक्षी म्हणतो. त्या साधूंच्या अस्थी न्यायला काही वर्षांत ओडोरिक हा प्रवासी साधू ठाण्यात आला. त्यानेही कबुतराएवढ्या वटवाघळांची नोंद केली. दोघांनाही डोळे होते. त्यांच्या भाषेने खाने वेगळे पाडले होते, एवढंच.

डोंबिवलीत बदामाच्या झाडाखाली स्कूटर लावणाऱ्याला हा प्राणी त्याच्या दातांवरून कळतो. सकाळी सीटवर गर कुरतडलेले बदाम पडलेले असतात आणि रस शोषून थुंकलेला तंतुमय चोथाही. चोचीने असा चोथा होत नाही. तरी संध्याकाळी ते झाडावर आलं, की आजी नातवाला सांगते, “पाखरू आलं बघ.” ती चुकली असं मी म्हणणार नाही, आणि म्हणून लेवीयच्या लेखकालाही म्हणणार नाही.

सशाचं मात्र तसं नाही. त्याच अध्यायात ससा रवंथ करतो असं म्हटलंय. आपला ‘रवंथ’ संस्कृत ‘रोमन्थ’वरून आला, आणि हिब्रू शब्दप्रयोगाचा अर्थ गिळलेलं पुन्हा वर आणणं असा आहे. ससा आपल्या मऊ लेंड्या परत खातो, म्हणून हाही रवंथच, असा बचाव केला जातो. मला तो पटत नाही. लेंडी घशातून वर येत नाही. ‘ओफ’ मुळातच ऐसपैस होता, त्याला ताणावं लागलं नाही. इथे शब्द ताणावा लागतो. त्यापेक्षा सशाचा सतत हलणारा जबडा पाहून कुणीतरी असं लिहिलं, हे मान्य करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.