ठग, कारागीर आणि इंजिनिअर : फसवणुकीच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास



इंग्रजीतले लबाडीचे शब्द आपण अर्थासह पाठ करतो, त्यांचे पूर्वायुष्य मात्र सहसा कोणी सांगत नाही. 'कनिंग' म्हणजे धूर्त, असे वहीत लिहून आपण पुढे जातो. पण हा शब्द 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आला आहे आणि आरंभी त्याचा अर्थ ज्ञान, जाणतेपणा असाच होता. 'क्राफ्टी'मधला 'क्राफ्ट' म्हणजे आधी बळ, मग कसब, आणि धूर्तपणा त्यानंतरचा. 'इंजिन' हा तर इंजिनिअरिंगवाल्यांच्या घरचाच शब्द. तो लॅटिन 'इंगेनियम'पासून, म्हणजे उपजत बुद्धीपासून आला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याला युक्ती आणि कपट हेही अर्थ होते. जनावरे धरायच्या सापळ्याला इंग्रजीत 'जिन' म्हणतात, तो याच शब्दाचा तुटलेला तुकडा. 'मशीन' आणि 'मॅकिनेशन' यांचेही मूळ एकच आहे.

हे फक्त इंग्रजीत घडले असे समजू नका. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राला देवांच्या शिल्पकाराचे नाव आहे. तिथे कारखाने आहेत, कारागीर आहेत. या दोन्ही शब्दांतला 'कार' फारसी, अर्थ काम. हिंदीतली 'कारस्तानी' आणि आपले 'कारस्थान' यांतही तोच 'कार' बसलेला आहे. (कारस्थानातले 'स्थान' पाहून तो संस्कृत वाटतो, इतकेच.)

आता उलट दिशेने गेलेला शब्द पाहू. 'ठग' आपण इंग्रजीला दिला. संस्कृतात 'स्थग' म्हणजे लबाड, आणि त्यामागचा धातू झाकण्याचा, लपवण्याचा. मराठीत 'ठक', 'ठकवणे', 'ठकास महाठक' हे सारे त्याच कुळातले. तुलनात्मक भाषाशास्त्र 'स्थग्'चे नाते लॅटिन 'तेगेरे', म्हणजे झाकणे, याच्याशी जोडते. त्यावरूनच 'डिटेक्ट' झाला, म्हणजे झाकण काढणे. म्हणजे ठग आणि डिटेक्टिव्ह हे दूरचे भाऊबंद ठरतात.

हा शब्द इंग्रजीत लोकप्रिय करणाऱ्यांमध्ये दोन नावे मोठी. विल्यम स्लीमनने 1836 मध्ये ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश 'रामसीआना' या नावाने कलकत्त्याला छापला. निजामाच्या चाकरीतला फिलिप मेडोज टेलर, जो पुढे आपल्या नळदुर्गचा कारभार पाहत होता, त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी 1839 मध्ये लंडनला आली. तिच्या प्रस्तावनेतली हिंगोलीची हकिकत वाचण्यासारखी आहे. हिंगोलीला तेव्हा छावणी होती. हरिसिंग हा तिथला प्रतिष्ठित व्यापारी. गोरे अधिकारीही त्याच्याशी देवघेव करीत. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. कापड येत होते हे खरे, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगने त्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवाल्यांना ठार केले, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पकडल्यावर त्याने स्वतः कबूल केले नसते तर हे कधीच कळले नसते.

ही हकिकत खरी धरली तर यात ठगी कुठे आहे? माझ्या मते त्या परवान्यात. खून तर दरोडेखोरही करतो. ठगाचे हत्यार होते विश्वास, आणि इथे तर सरकारी शिक्का.

पण 'खरी धरली तर' हे शब्द सोडू नका. ठगांबद्दलची बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आली आहे. त्यांचा जीव जबानीवर अवलंबून होता, आणि लिहून घेणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे देवीपूजक, वंशपरंपरागत ठगांचा देशव्यापी पंथ खरोखर होता की वेगवेगळ्या टोळ्यांना साहेबाने एका नावाखाली बांधले, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. खून झाले नाहीत असे मात्र कोणी म्हणत नाही. 1836 च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे, मग ते कायद्याआधी का असेना, हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला. अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही; ठग हा शिक्का बसला की पुरे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अख्ख्या जमातींवर असाच शिक्का मारला, आणि महाराष्ट्रात पारध्यांसारख्या समाजांना त्याचा जाच स्वातंत्र्यानंतरही पुरला.

इंग्लंडात या शब्दाचे काय झाले पाहा. कादंबरी आली त्याच सुमारास थॉमस कार्लाईलच्या 'चार्टिझम' या पुस्तिकेत ग्लासगोच्या गिरणी कामगारांमधल्या हिंसेसाठी 'ठग' हे नाव आढळते. फसवणूक तिथेच गळायला लागली. आज इंग्रजीत 'थग' म्हणजे दांडगा गुंड. त्याला गोड बोलायची गरजच नाही. आपल्याकडे मात्र ठग अजून गोडच बोलतो.

स्लीमनने उभे केलेले ठगी व दरोडे खाते 1904 मध्ये बंद झाले. त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे गुप्तवार्ता खाते आले.