तिसवाडीच्या तरी: गोव्याच्या नदीबेटांवरील फेरी आणि बस यांचा इतिहास

उष्ण कटिबंधातील बेटांवर पाठीवर एक पिशवी घेऊन, स्थानिक बस आणि फेरीबोट यांच्या आधाराने एकट्याने हिंडण्याची कल्पना मांडली की डोळ्यांसमोर सहसा थायलंड, इंडोनेशिया किंवा फिलिपाइन्स हे देश येतात. परंतु याच प्रकारच्या प्रवासाची एक जुनी आणि सलग परंपरा मराठी मुलखाला खेटून, मांडवी नदीच्या मुखाशी आहे. गोव्यातील तिसवाडी तालुका हा भूगोलाच्या दृष्टीने एक मोठे बेट आणि त्याच्या भोवतालची काही लहान बेटे यांचा समूह आहे. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि या दोन नद्यांना पूर्वेकडून जोडणारी कुंभारजुव्याची खाडी अशा तिहेरी पाण्याने हे मोठे बेट वेढलेले असून दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे आणि वांशी ही लहान बेटे त्याच्या उत्तर व पूर्व अंगाला पसरली आहेत. पोर्तुगीज प्रशासनाने या तालुक्याला ‘इल्यास’, म्हणजे ‘बेटे’, असेच नाव दिले होते. या प्रदेशात तर, म्हणजे नदी ओलांडण्याचे ठरलेले ठिकाण आणि तेथील होडी, ही रस्त्याच्या आधीपासून होती. रस्ता, आणि त्यावरून धावणारी बस, ही तरीला येऊन मिळाली. येथील प्रवासाची घडण समजून घ्यायची तर हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

या पाण्यावरील सर्वात जुनी वर्दळ यात्रेकरूंची असावी, असे मानण्यास आधार आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत असून त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या बिरुदात आणि नाण्यांवर करीत. बहमनी आक्रमणात या देवस्थानाची हानी झाली, विजयनगरच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी ते पाडले. त्यानंतर लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूस नेण्यात आले आणि त्या नव्या वस्तीलाही बेटावरील मूळ गावाचेच, नार्वे हे नाव मिळाले. 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराच्या बांधणीस आरंभ केला. त्याची नोंद करणारा शिलालेख मंदिरावर आहे. अशा रीतीने देव एका काठावर आणि त्याचे मूळ स्थान दुसऱ्या काठावर अशी विभागणी झाली, तथापि गोकुळाष्टमीला नार्व्याच्या काठी नदीत स्नान करण्याचा प्रघात टिकून राहिला. आज दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये जी फेरी चालते, ती या विभागलेल्या तीर्थाच्या दोन अर्धांमध्येच ये-जा करते.

1510 साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवे जिंकल्यानंतर याच तरींना लष्करी रूप आले. जेथे पाणी अरुंद होते किंवा ओहोटीला पायउतार होत असे, अशा जागांना पोर्तुगीज ‘पासो’, म्हणजे ओलांडण्याची वाट, असे म्हणत. पणजी, बाणस्तारी, गौंडळी, आगशी येथे अशा वाटांवर गढ्या आणि चौक्या उभ्या राहिल्या. 1580 च्या दशकात गोव्यात राहिलेला डच लेखक यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन याने या चौक्यांचे वर्णन केले आहे. त्याच्या सांगण्यानुसार मुख्य भूमीवर जाणाऱ्या देशी माणसांच्या उघड्या दंडावर खुणेचा ठसा उमटवला जाई आणि परत येताना तो दाखवावा लागे. परवाना कागदावर नव्हे तर माणसाच्या अंगावरच लिहिण्याची ही पद्धत सत्तेच्या मनोवृत्तीबद्दल पुष्कळ सांगून जाते. कुंभारजुव्याच्या खाडीतील मगरी शत्रूला रोखण्यासाठी मुद्दाम सोडण्यात आल्या होत्या, अशी दंतकथा आहे. ती खरी धरण्याचे कारण नाही, परंतु मगरी खऱ्या आहेत आणि त्या अजूनही खारफुटीच्या चिखलात ऊन खात पडलेल्या दिसतात.

पोर्तुगीजांनी पाण्याला पर्याय म्हणून उभारलेले जुने मोठे बांधकाम एकच. पणजी आणि रायबंदर यांच्यामधील दलदलीवरून लिन्यारिशच्या काउंटने, तो व्हाइसरॉय असताना, 1633-34 मध्ये दगडी कमानींचा लांब बांध घातला. तो राजधानीच्या, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याच्या सोयीसाठी होता. समोरच्याच चोडण बेटावर सरदार घराण्यांची वस्ती असल्याने त्याला ‘फिदाल्गांचे’, म्हणजे उमरावांचे, बेट म्हटले जाई, परंतु या उमरावांनाही नदी होडीनेच ओलांडावी लागे. पुढे रोगराईमुळे राजधानी ओस पडली, व्हाइसरॉय 1759 मध्ये पणजीला राहण्यास गेला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. या स्थलांतरामुळे सगळ्या वाटांचे तोंड फिरले: पणजी आणि पलीकडच्या बार्देशातील बेती यांच्यामधील तर, जी आधी अनेक वाटांपैकी एक होती, ती उत्तर गोव्याची मुख्य नाडी बनली.

विसाव्या शतकात वल्ह्याच्या होडीबरोबर इंजिनावर चालणारी लाँच आली, आणि तिच्या इंधनावरून लोक तिला ‘गॅसोलिन’ म्हणू लागले. त्याच सुमारास लाकडी बांधणीच्या लहान प्रवासी बसगाड्याही रस्त्यावर आल्या. त्यांना ‘कार्रेर’ हे पोर्तुगीज नाव मिळाले. म्हापशाहून निघालेली कार्रेर बेतीच्या धक्क्यावर थांबे, प्रवासी सामानसुमानासह उतरून गॅसोलिनमध्ये बसत आणि पणजीला उतरून पुढचे वाहन धरीत. दक्षिणेकडेही हेच घडत असे. मडगावची बस कुठ्ठाळीच्या धक्क्यावर संपे, जुवारी ओलांडून आगशीला उतरले की पणजीची बस मिळे. ज्या व्यवस्थेत बसच्या फेऱ्या धक्क्याशी बांधलेल्या असतात आणि धक्क्यावरचा चहावाला, मासळीवाली, सामान वाहणारा आणि बसचा वाहक हे सारे एकाच लयीवर जगतात, ती व्यवस्था त्या काळात गोव्यात पूर्णत्वाला पोहोचली होती. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य संध्याकाळपर्यंत बेतीला पोहोचले आणि तेथे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतील त्या होड्या आणि फेऱ्या घेऊन सैनिक पणजीत उतरले. साडेचारशे वर्षांची राजवट संपली ती जुन्या तरीवरूनच.

बाहेरून एकट्याने येणारा प्रवासी या व्यवस्थेत शिरला तो मुक्तीनंतर. मुंबईहून कोकण किनाऱ्याने जाणारी आगबोट सकाळी निघे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोहोचे. सर्वात स्वस्त वर्ग डेकचा, म्हणजे उघड्या तक्तपोशीचा, आणि तेथे वळकटी पसरून रात्र काढावी लागे. गिरगाव-लालबागच्या चाकरमान्यांना, म्हणजे मुंबईत नोकरी करून सणासुदीला गावी परतणाऱ्या कोकणी माणसांना, ही बोट आधीपासून परिचित होती. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे त्यांच्या बोलण्यात स्टेशनांसारखी येत, आणि जेथे धक्क्याला पुरेसे पाणी नसे तेथे पडाव नावाच्या मोठ्या होड्या बोटीपर्यंत येऊन माणसे उतरवून घेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद होई. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून या डेकवर युरोप-अमेरिकेतील लांब केसांची तरुण मंडळीही दिसू लागली. त्यातील जे पहिल्या काही वर्षांत आले त्यांचा मार्ग ठरलेलाच होता: पणजीच्या धक्क्यावर उतरायचे, फेरीने बेतीला जायचे, तेथून बसने कळंगुट किंवा म्हापसा गाठायचे आणि पुढे हणजुणेपर्यंत चालायचे. ‘हिप्पी’ म्हणून ज्यांचा इतिहास रंगवून लिहिला जातो, ते वाहतुकीच्या दृष्टीने पाहता चाकरमान्यांच्या आणि म्हापशाच्या बाजारकरणींच्या मागे रांगेत उभे राहणारे साधे उतारू होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र काहीही उभारलेले नव्हते, आणि त्या प्रवासाचा स्वस्तपणा त्यातूनच आला होता.

1970 च्या सुमारास मांडवीवरील पूल खुला झाला, 1983 मध्ये जुवारीवर पूल आला, आणि बेती व कुठ्ठाळी येथील धक्क्यांचे महत्त्व ओसरले. 1980 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी बस महामंडळाला कदंब हे नाव देण्यात आले. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या घराण्याचे नाव रस्त्यावरच्या गाड्यांना मिळावे, यात त्या दशकाची दिशा आपोआप उमटली आहे. मात्र पाण्याने एकदा सूड घेतला. 5 जुलै 1986 रोजी, भर पावसाळ्यात, मांडवीचा पूल कोसळला. पणजी-बेतीच्या फेऱ्यांवर रातोरात साऱ्या उत्तर गोव्याची भिस्त आली, आणि नवा पूल 1992 मध्ये पूर्ण होईपर्यंत बसमधून उतरून फेरीत चढण्याची सवय एका पिढीने नव्याने आत्मसात केली. याच काळात किनाऱ्यावरची आगबोट बंद पडली. नव्वदच्या दशकात एका खासगी कंपनीने जलद कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, चालवून पाहिली, परंतु 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर मुंबईच्या प्रवाशाला समुद्राकडे वळण्याचे कारण उरले नाही.

नदीतील फेरी मात्र राहिली, आणि ती का राहिली हा या इतिहासातील सर्वात रोचक प्रश्न आहे. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे येथून दिवाडीला, रायबंदर व पोंबुर्फा येथून चोडणला सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेऱ्या चालतात. बोट सपाट तळाची असते आणि तिच्या तोंडाशी लोखंडी फळी असते. उतरत्या दगडी रॅम्पवर ती फळी टेकली की माणसे, दुचाकी आणि चारचाकी थेट रस्त्यावर येतात. पायी प्रवाशाला भाडे नाही. त्यामागील विचार असा की बेटवासीयांसाठी फेरी हा रस्त्याचाच एक तुकडा आहे, आणि गावच्या रस्त्यावर चालण्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. 2023 मध्ये दुचाकींना भाडे लावण्याचा निर्णय झाला तेव्हा चोडणच्या लोकांनी जो विरोध केला, तो याच भूमिकेतून, आणि सरकारने तो निर्णय मागे घेतला. पर्यटनाच्या जाहिरातींत या फेरीचे चित्र वापरणाऱ्यांना हा हक्काचा इतिहास ठाऊक असतोच असे नाही. ‘फुकट नौकाविहार’ म्हणून तिची शिफारस करणारा प्रवासी नकळत गावच्या सामाईक मालमत्तेवर पाहुणचार घेत असतो.

बेटे आता एकाच स्थितीत नाहीत. शेजारच्या खोर्जुवे बेटाला हळदोण्याशी जोडणारा ताणलेल्या तारांचा पूल 2004 मध्ये झाला, जुवे आणि कुंभारजुवे यांना पूल मिळाले, चोडण उत्तरेकडून मयेच्या बाजूस रस्त्याने जोडले गेले. तरी पणजीला जाणाऱ्या चोडणकराला फेरीच जवळची पडते. बेटाच्या पश्चिम टोकाला, 1.78 चौरस किलोमीटर खारफुटीत, सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे आणि त्याची वाट फेरीच्या धक्क्यापासूनच सुरू होते. जुलै 2025 पासून रायबंदर-चोडण मार्गावर अधिक वाहने सामावणाऱ्या, दोन्ही टोकांनी चढ-उतार होणाऱ्या रो-रो फेऱ्या आल्या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा भरतो, ज्यात वाड्यांमधील सीमेच्या जुन्या भांडणाची आठवण झेंडे आणि सोंगे काढून जागवली जाते, आणि त्या दिवशी धक्क्यावरची रांग रायबंदरच्या रस्त्यावर दूरवर जाते. पुलाची मागणी चोडणमध्ये वारंवार होते. दिवाडीवर तिच्याविषयी मतभेद आहेत, कारण पूल आला की रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचता येईल, आणि त्याच पुलावरून जमिनीचे गिऱ्हाईकही येईल, हे दोन्ही तेथे सर्वांना कळते.